म्हैससुद्धा युनिक

एकदा एका म्हाताऱ्या गुरुजींनी दात घासता घासता आपल्या शिष्याला सांगितलं, "श्रीपती, तू युनिक आहेस."

श्रीपतीचं इंग्रजी बेताचंच होतं, पण हा शब्द त्याच्या ओळखीचा होता. गावाकडच्या लग्नाच्या हॉलवर तो मोठ्या अक्षरांत लिहिलेला होता, आणि पंचक्रोशीत त्या हॉलइतकं भारी काहीच नव्हतं. आपली निवड झाली, हे श्रीपतीने ताबडतोब ओळखलं. गुरुजींच्या मागे आश्रमाची गादी आपलीच.

दुपारी त्याने मामांना फोन लावला. मामा-मामींनीच त्याला लहानाचं मोठं केलं होतं. आता मामांचे गुडघे गेले होते, आणि तेलाचा घाणा सांभाळायला ते भाच्याची वाट बघत होते.

"मामा, माझं काही जमायचं नाही. मी इथे युनिक आहे."

"म्हणजे पर्मनंट का?"

"त्याच्याही वर."

"बरं. तरी रविवारपर्यंत विचार कर. मग मी घाणा दुसऱ्या कुणाच्या तरी हातात देतो."

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या खिडकीतून गुरुजींचा आवाज आला, "हरबा, तू युनिक आहेस."

श्रीपतीच्या मनात पाल चुकचुकली. हरबा रोज वरण करपवायचा आणि झोपेत शेजारच्याला शिव्या द्यायचा. म्हातारा सगळ्यांनाच गादीचं गाजर दाखवतोय की काय? त्या दिवसापासून तो गुरुजींच्या मागावर राहिला. कधी खांबाआड, कधी वाळत टाकलेल्या धोतराआड. गुरुजी दूधवाल्याला युनिक म्हणाले. विजेचं बिल द्यायला आलेल्या माणसालाही म्हणाले. तो घाबरून बिल न देताच गेला.

शनिवारी संध्याकाळी गुरुजी गोठ्यात शिरले. म्हशीचा कान हातात घेऊन त्यांनी नीट निरखला, आणि गंभीरपणे म्हणाले, "तूसुद्धा युनिक आहेस."

श्रीपती वैरणीच्या ढिगातून बाहेर आला.

"गुरुजी, हे काय चाललंय? ज्याला त्याला तेच सांगताय!"

"खरं तेच सांगतोय. हिच्यासारखी दुसरी दाखव."

"म्हणजे मी आणि म्हैस सारखेच?"

"छे. सारखे असता, तर दोघांनाही युनिक म्हणता आलं नसतं."

गुरुजी शांतपणे एका पेंढीवर बसले. श्रीपतीच्या केसांतली काडी त्यांनी काढली.

"रोमन लोक 'एक' या आकड्याला 'ऊनुस' म्हणत. त्यावरून 'ऊनिकुस' झाला, म्हणजे ज्याच्या जोडीचा दुसरा नाही असा. तो शब्द पुढे फ्रेंचांकडे गेला, तिथून इंग्रजांकडे. त्याच्या मुळाशी फक्त 'एक' आहे बाबा. 'भारी' हा अर्थ लोकांच्या तोंडी त्याला मागाहून चिकटला. मी तुझं कौतुक केलं नव्हतं, तुला मोजलं होतं."

"मोजून काय करता?"

"आश्रमात डाळ कमी पडतेय. दोन माणसं अगदी सारखी सापडली, तर एकाला घरी पाठवावं म्हटलं. सापडत नाहीत."

श्रीपतीने त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. चेष्टा आहे की खरं, काही पत्ता लागेना.

"आणि गादीचं काय?"

"तिच्यावर कुणीही बसेल. भारी माणसं पुष्कळ आहेत. एक उठला की दुसरा बसतो. पण जो एकच आहे, तो उठला की त्याची जागा तशीच रिकामी राहते. म्हणून आपण किती मोठे, हे विचारत बसू नये. आपण नसलो की कुठे रिकामं होतं, तेवढं बघावं."

एवढं बोलून ते म्हशीच्या दुसऱ्या कानाकडे वळले.

श्रीपती बाहेर आला. गुरुजींनी आपल्याला शिकवलं की गुंडाळलं, हे त्याला अजूनही ठरवता येत नव्हतं. त्याने मामांना फोन लावला.

"मामा, घाण्यासाठी कुणी मिळालं का?"

"मिळाले की. तुझ्यापेक्षा हुशार आहेत दोघंही. एकाला तर मशीनही दुरुस्त करता येतं."

"मग देताय त्यांना?"

मामांनी पलीकडे घरघरणारा घाणा बंद केला.

"तुझी मामी अजून चुकून तुझं ताट वाढते," मामा म्हणाले. "मी काही बोलत नाही. गुपचूप दोन्ही खातो."

श्रीपतीला मामांचे गुडघे आठवले, आणि त्या गुडघ्यांवर दोन ताटांचं पोट.

"उद्या एकच खा मामा," तो म्हणाला. "सकाळच्या एसटीने निघतोय."