चाकामागचा दगड

“मग राग जिंकायचा तरी कसा, बाबा?”

शार्दूलनं पुन्हा विचारलं. आधी विचारलं तेव्हा सोमगिरी बाबांनी मान वर केली नव्हती. ते कठड्यात एक दगड बसवत होते. दगड हलत होता. बाबांनी तो उचलला, फिरवला, पुन्हा ठेवला. दगड हललाच.

“आज कुणावर आला?”

“आजचं नाही म्हणत मी. एकूणच विचारतोय. तत्त्व म्हणून.”

“बरं...”

बाबा दगड फिरवत राहिले.

कावळखिंडीतला मठ म्हणजे एक पत्र्याची शेड, एक धुनी आणि दरीच्या वळणावर रचलेला कठडा. भरलेली गाडी घाट चढताना मध्येच थांबली की ड्रायव्हर मागच्या चाकाला दगड लावतो. निघायच्या घाईत तो दगड रस्त्यातच राहतो. मागून एखादा दुचाकीवाला येतो आणि त्यावर आपटतो. म्हणून मठाचा रिवाज वेगळा होता. वर येणाऱ्यानं नारळ आणायचा नाही, हार आणायचा नाही. रस्त्यात पडलेला दगड उचलून आणायचा. कठडा त्याच दगडांचा होता.

शार्दूल दर गुरुवारी यायचा. दगड त्यानं कधीच आणला नाही. त्याच्या उंच गाडीतून रस्त्यावरचा दगड दिसत नाही आणि दिसला तरी गाडी त्यावरून जाते. त्याऐवजी त्यानं एकदा घडीव दगडांनी भरलेला डंपर पाठवला होता. तो ढीग अजून शेडमागे होता. त्यावर मठाचं कुत्रं झोपायचं.

आज त्याला अनुग्रह मिळणार होता. बाबांनी शब्द दिला होता. ताटात फुलं होती, कोरी धोतरजोडी होती. मुलाचा सोहळा बघायला आईही आली होती.

पण आई आत आली नव्हती. फाटकाच्या दगडावर बसली होती, पिशवी मांडीवर घेऊन, गाडीकडे पाठ करून.

“माईंना आत बोलाव,” बाबा म्हणाले.

“ती... येत नाहीये.”

“का?”

“दमलीय. चालत आली.”

बाबांचा हात थांबला.

“आणि तू?”

“मी गाडीनं.”

बाबांनी फाटकाबाहेर पाहिलं. काळी गाडी ऊन परतवत उभी होती. चाकं कमरेएवढी.

“एवढी मोठी गाडी. माई मावल्या नाहीत?”

शार्दूल हसायला गेला. हसू आलं नाही.

“रस्त्यात जरा झालं काहीतरी.”

“काय?”

“एक पिकअप होता पुढे. आल्याची पोती भरलेला. साईड देईना. हॉर्न दिला, लाईट मारली, तरी रस्त्याच्या मधोमध. मुद्दाम करत होता, बाबा. माज असतो या लोकांना.”

“कुठल्या लोकांना?”

शार्दूलनं ताटातलं एक फूल सरळ केलं.

“त्या वळणांवर साईड द्यायला जागा आहे?”

“...नाही.”

“पुढे?”

“ओव्हरटेक केलं.”

“जागा नव्हती ना?”

“केलं.”

बाबांनी दगड खाली ठेवला. “माई काही म्हणाल्या नाहीत?”

“नाही.”

“म्हणाले होते मी,” फाटकातून आई म्हणाली. मागे न वळता.

“काय म्हणाल्या?” बाबांनी शार्दूललाच विचारलं.

शार्दूल ताटातल्या फुलांकडे बघत होता. “म्हणाली... अहो, नका ना. हळू घ्या.”

“अहो? तुला?”

“अण्णांना म्हणायची. माझ्या वडिलांना. अण्णा जीप अशीच चालवायचे. कुणी पुढे गेलेलं खपायचं नाही त्यांना. ही शेजारी डोळे मिटून बसायची आणि म्हणायची... अहो, नका ना.” तो थांबला. “मी मागच्या सीटवर असायचो. तेव्हा ठरवलं होतं...”

“काय?”

“जाऊ द्या.”

धुनीतलं एक लाकूड खाली सरकलं. बाबांनी ते वर घेतलं नाही.

“ओव्हरटेक केलंस. मग?”

“मग पुढे जाऊन गाडी आडवी घातली. खाली उतरलो.”

“इंजिन बंद केलंस?”

“नाही.”

“गिअर?”

“न्यूट्रलला होती.”

“हँडब्रेक?”

घाट चढणाऱ्या एका ट्रकचा आवाज खालून आला, वर आला, खिंडीतून पलीकडे गेला.

“आठवत नाही,” शार्दूल म्हणाला.

“आठव.”

“...नाही ओढला.”

“आणि माई?”

“आत. मागच्या सीटवर.”

बाबांनी फाटकाकडे पाहिलं. शार्दूलला वाटलं, ते बोलतील. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यानं घाईघाईनं पुढचं सांगितलं.

“मी त्याच्याकडे चालत गेलो. नुसतं विचारणार होतो. पण तो दार उघडून उतरला तो हातात दगड घेऊनच. एवढा मोठा दगड, बाबा. आणि धावतच आला माझ्या अंगावर.”

“तुझ्या अंगावर?”

“मला तसंच वाटलं. मी आधी मारलं. तोंडावर. तो पडला. ओठ फाटला त्याचा.”

“मग त्यानं दगड उचलला?”

“हो.”

“तुला मारला?”

“नाही. त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. गुडघ्यांवरच सरकत गेला. माझ्या बाजूनं... माझ्या मागे. मी वळलो. माझी गाडी मागे चालली होती. हळूहळू. दरीच्या बाजूला. माझी पाठ होती तिच्याकडे. त्याला समोर दिसत होती. त्यानं दगड चाकामागे सारला. गाडी थांबली. मागच्या काचेतून आई दिसत होती, बाबा. ती ओरडत पण नव्हती. डोळे मिटून बसली होती.”

फाटकापाशी आईनं पिशवीचे बंद नीट केले. ते आधीच नीट होते.

“पुढे?”

“आई उतरली. पदरानं त्याचं तोंड पुसलं. त्याच्याशी काहीतरी बोलली. मग घाट चढायला लागली. मी गाडीत बस म्हटलं. ती वळलीच नाही. मी तिच्या मागून गाडी चालवत आलो, माणसाच्या चालीनं. येणारे-जाणारे बघत होते. म्हातारी पुढे, आणि मागे ही एवढी गाडी... हॉर्न द्यायचीसुद्धा सोय नव्हती.”

“दगड कुठाय?”

“कुठला?”

“चाकामागचा.”

“तिथंच असेल...”

“कुठं?”

“रस्त्यात.”

ते बोलताना त्याचं लक्ष कठड्याकडे गेलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुणीतरी कुठूनतरी उचलून आणलेले दगड. त्याचे कान तापले.

“आणतो,” तो म्हणाला. हात खिशात गेला, किल्ली बाहेर आली.

बाबांनी हात पुढे केला. शार्दूलनं किल्ली दिली. बाबांनी ती कठड्यातल्या त्या हलणाऱ्या दगडाखाली सरकवली आणि दगड दाबून पाहिला.

दगड हलला नाही.

शार्दूल चालत उतरला. गाडीतून हा घाट त्यानं कितीदा तरी पाहिला होता. रस्त्याला एवढा उतार आहे हे त्याच्या पायांना आज कळलं. गाडी आडवी घातली होती त्या वळणावर दरीकडची माती मोकळी होती. तिच्यात त्याच्या टायरची खूण काठापर्यंत गेली होती. काठ आणि खूण यांच्यामध्ये एक गवताचा झुबका होता. तेवढंच अंतर.

दगड रस्त्यात होता. एका बाजूनं टायरनं घासून काळा झालेला.

तेवढ्यात खालून मोटारसायकल आली. मागे बायको, तिच्या मांडीवर पोर. चालवणाऱ्याला दगड शेवटच्या क्षणी दिसला. गाडी हेलपाटली, सावरली, थांबली.

“कुठल्या नालायकानं टाकलाय हा?” तो शार्दूलला म्हणाला. “अक्कल नाही लोकांना.”

शार्दूलला सहज ‘हो ना’ म्हणता आलं असतं.

“मी,” तो म्हणाला.

त्या माणसानं त्याच्याकडे नीट पाहिलं. कडक इस्त्री, पांढरे बूट.

“मग बघत काय बसलायस? उचल की.”

शार्दूलनं उचलला. मोटारसायकल गेली. पोर मागे वळून बघत राहिलं.

दगड वाटला त्यापेक्षा जड होता. तो त्यानं आधी हातात धरला, मग पोटाशी, मग खांद्यावर. हा घेऊन तो माणूस धावला होता. शार्दूलला नुसतं चालवत नव्हतं. मठात पोचला तेव्हा शर्टावर काळा पट्टा होता आणि दगडाच्या कडेला वाळलेला लाल डाग. तो त्यानं पुसला नाही.

आई अजून फाटकातच होती. त्यानं तिच्याकडे पाहायचं टाळलं आणि आत गेला. कठड्यात एक जागा रिकामी होती.

“इथं बसवू?”

“नको.”

“रिवाज आहे ना, बाबा? रस्त्यातला दगड आणायचा, कठड्यात लावायचा.”

“लोकांनी टाकलेल्याचा रिवाज आहे. हा त्या पिकअपवाल्यानं टाकलेला नाही.” बाबांनी दगडावरच्या काळ्या बाजूवरून हात फिरवला. “रोज गाडीत ठेवत असणार. उद्या पोती भरून पुन्हा घाट चढेल. चाकाला काय लावेल?”

शार्दूल दगड घेऊन उभा राहिला. हात भरून आले होते, पण खाली ठेवायचं धाडस झालं नाही.

“कुठं शोधू त्याला? नाव विचारलं नाही मी. गाडीचा नंबरही...”

“गोरख,” आई म्हणाली.

तो वळला.

“निंबवाडीचा. खिंडीच्या पलीकडे बाजार आहे ना, तिथं पोती उतरवतोय. दुपारपर्यंत आहे.” ती पिशवीकडे बघत बोलत होती. “घरात आई आहे त्याच्या. विचारलं मी.”

त्या वळणापासून ती शार्दूलशी पहिल्यांदाच बोलत होती.

“तू येशील?” त्यानं विचारलं.

कुत्रं घडीव दगडांवरून उतरून आलं, तिच्या पायाशी बसलं.

“चालत जाणार असलास तर येते.”

ती उठली. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. शार्दूलनं तिला आधार द्यायला हात पुढे करायचा प्रयत्न केला. दोन्ही हातांत दगड होता.

ताटातली फुलं उन्हानं मलूल झाली होती. अनुग्रहाचं कुणीच काढलं नाही.

फाटकाबाहेर पडताना तो थांबला. बाजारातली गर्दी त्याच्या डोळ्यांसमोर आली. पिकअपच्या मागे उभा असलेला फाटक्या ओठाचा माणूस दिसला. आणि त्याच्याकडे येणारा तो स्वतः.

“बाबा...”

“हं.”

“मला हातात दगड घेऊन येताना बघून त्याला काय वाटेल?”

बाबा पुन्हा कठड्यापाशी बसले होते.

“तुला वाटलं तेच,” ते म्हणाले. “तरी जा.”