गर्दी कोणाला मिळाली

चिपळूणच्या एका समाजमंदिरात निवृत्त शिक्षिका निर्मलाबाई दर रविवारी गीतेचा वर्ग घेत. गावातल्या दोन्ही राजकीय पक्षांची माणसं तिथे येत, राजकारणावरून कचाकचा भांडत आणि मग श्लोक एका सुरात म्हणत.

निवडणुकीच्या तोंडावर नगरसेवक दौलतराव खराडे गळ्यातल्या हारासकट वर्गात शिरले.

"काल आमच्या सभेला वीस हजार माणूस लोटलं. म्हणजे भगवंत आमच्याच बाजूला! बाई, हे सगळ्यांना तुमच्या तोंडून सांगा. नाहीतर पुढच्या रविवारपासून हॉल मिळायचा नाही."

बाईंनी शांतपणे चष्मा पुसला.

"सांगते की. युद्धाआधी अर्जुन आणि दुर्योधन दोघेही कृष्णाकडे मदतीला गेले. अर्जुनाने एकटा, निःशस्त्र कृष्ण मागून घेतला. सगळं सैन्य मिळालं दुर्योधनाला. तेव्हा दौलतराव, गर्दी तुमच्याकडे आली हे अगदी खरं!"

खुद्द दौलतरावांचे कार्यकर्ते फिसकन हसले. विरोधी पक्षाचे ढवळे तर मांडीवर थापा मारू लागले.

बाई त्यांच्याकडे वळल्या. "ढवळे, तुमच्या सभेला कुत्रं फिरकत नाही. पण सैन्य नाही म्हणजे भगवंत आहे, असं कुठल्याही अध्यायात लिहिलेलं नाही."

आता दौलतराव सगळ्यांत मोठ्याने हसले. इतकं हसल्यावर हॉल बंद करायला त्यांना तोंडच राहिलं नाही.