टिकली मुंगीचा तीळ आणि आबांची कडक सीट

टिकली मुंगी एकदा नवस बोलली होती. "बाप्पा, माझा पाय बरा होऊ दे. चतुर्थीला तुला एक तीळ वाहीन."

पाय बरा झाला. चतुर्थी आली. टिकली तीळ घेऊन निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

वाटेत सदूआबांची सायकल, भर उन्हात उभी. चामड्याची सीट वाळून कडक झालेली. मधोमध भेग. टिकली सीटवर चढली, आणि तीळ भेगेत पडला. टुपुक.

"सीटताई, सीटताई, माझा तीळ दे."

सीट म्हणाली, "मी वाळले गं. करकर करते. मेण चोळलं तर मऊ होईन. मऊ झाले तर तीळ देईन."

तिळासाठी मेण? टिकली गोंधळली. पण गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"माशीताई, माशीताई, मेण दे.
सीट मऊ होईना,
माझा तीळ निघेना."

मधमाशी म्हणाली, "गुं गुं. फूल उमललं तर मध पिईन. मध प्याले तर मेण देईन."

तिळासाठी फूल? टिकली आणखी गोंधळली. पण गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"फूलदादा, फूलदादा, उमल ना.
माशी मेण देईना,
सीट मऊ होईना,
माझा तीळ निघेना."

सूर्यफूल म्हणालं, "तहान लागलीय. आबांनी पाणी घातलं तर उमलेन."

तिळासाठी आबा? टिकली पार गोंधळली. पण गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"आबा, आबा, पाणी घाला.
फूल उमलेना,
माशी मेण देईना,
सीट मऊ होईना,
माझा तीळ निघेना."

पायरीवर बसलेले आबा म्हणाले, "विहीर लांब आहे गं. सायकलवर गेलो असतो. पण सीट टोचते. सीट मऊ झाली तर जाईन."

सीट? पुन्हा सीट? टिकली गोल गोल फिरली. गरगर, गरगर. कुठून निघाले, कुठे चालले, काही कळेना.

मग तिनं हळूच विचारलं, "आबा, पायी नाही का जाता येत?"

आबांनी डोकं खाजवलं. "अरेच्चा. हे मला सुचलंच नाही बघ."

आबा पायी गेले. पाणी आलं, डुचमळ डुचमळ. फूल उमललं. माशी मध प्याली. माशीनं मेण दिलं. आबांनी सायकल सावलीत घेतली. फडक्यानं मेण चोळलं. घसघस, घसघस. सीट मऊ झाली. भेग सैल झाली. आबांनी खालून थाप मारली, आणि तीळ निघाला. टुपुक.

टिकलीनं तीळ धुतला. बाप्पापुढे ठेवला.

"बाप्पा, जरा उशीर झाला. वाट फार गोल होती."

बाळा, आपणही बाप्पाला बोललेलं विसरायचं नाही हं. आणि आजोबांच्या सायकलची सीट करकर करत असेल, तर जा, फडकं घेऊन ये.