कुडासखोलच्या शाळेचं गाऱ्हाणं

कुडासखोलला जूनमध्ये शाळा उघडते त्या दिवशी आलात, तर एक गंमत बघायला मिळेल. शाळेच्या पायरीवर हेडमास्तर हात जोडून उभे असतात आणि मोडक्यातोडक्या मालवणीत देवाला गाऱ्हाणं घालत असतात. इथलं गाऱ्हाणं म्हणजे तक्रार नव्हे. कुठल्याही कामाच्या आरंभी एकाने गावाच्या वतीने देवाकडे मागायचं, आणि प्रत्येक मागण्यामागे जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. जो 'व्हय' म्हणाला तो त्या मागण्याला बांधला गेला. बाहेरच्या पाहुण्यांना हेडमास्तरांची मालवणी ऐकून हसू येतं. गावातलं कोणी मात्र हसत नाही.

ही काही राजेरजवाड्यांच्या काळातली कथा नाही. वीस-पंचवीस वर्षंच झाली असतील, पण गावाने सांगून सांगून ती जुनी करून टाकली आहे. तेव्हा इथे सरकारी शाळा होती. पट अकरावर आला आणि ती बंद करण्याचा कागद आला. दोन वर्षं कुलूप. मग घाटावरच्या एका संस्थेने इमारत मागून घेतली. भिंती रंगवल्या, बाकं आणली, अध्यक्ष हेरवाडकर साहेब गाडी घेऊन आले. गाव खूश झालं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर लागलं की प्रवेशासाठी निवड परीक्षा होईल.

अकरा पोरं बसली, चार निवडली. उरलेल्या सातांत रसिका होती, सोनू घाड्यांची नात.

सोनू घाडी म्हणजे सगळ्यांचे आबा. गावाचं गाऱ्हाणं घालण्याचा मान त्यांच्या घरात होता. त्यांनी घसा खाकरला की देवळातली कुजबुज थांबायची, असा आवाज. दुसरी शाळा होती ती खाडीपलीकडे, आणि पावसाळ्याचे चार महिने होडी बंद. म्हणजे रसिका घरी बसणार, हे आबांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांची स्वतःची लेक अशीच घरी बसली होती. पुढे ती सासरहून आली की पत्र वाचून घ्यायला शेजारी जायची, आणि आबा तेवढा वेळ गोठ्यात काहीतरी काम काढायचे. म्हाताऱ्याला ते फार लागलेलं होतं.

उद्घाटनाला गाऱ्हाणं घालायला आबांनाच बोलावणं आलं. हेरवाडकर साहेबांना स्थानिक प्रथांचं कौतुक होतं. फोटोवालाही आणला होता. आबा मात्र तीन दिवस धड जेवले नाहीत म्हणे. कारण वडिलांनी मान सोपवताना त्यांच्याकडून वचन घेतलं होतं, की गावासाठी हवं तेवढं माग, पण आपल्या घरासाठी एक शब्द मागितलास तर त्या दिवशी ही जागा सोडायची. पुन्हा तोंड उघडायचं नाही.

त्या सकाळी आबा पायरीवर उभे राहिले. बाजूला हेरवाडकर साहेब, हातात निवडलेल्यांची यादी.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा! आज ह्या घरात नवी शाळा येता आसा, तिका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणालं.

"हय जे कोण शिकवतीत, तेंच्या जिभेर सरस्वती बसव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी साहेबही म्हणाले. त्यांना गोडी लागली होती. तिसऱ्या मागण्याला तर त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर गेला. मग आबा थांबले. इतके थांबले की माणसं एकमेकांकडे बघायला लागली.

"ह्या दारात ज्या कोणाचा पोर येयत, तेका 'तू नको' म्हणान परत धाडूचा नाय, असो सबद ह्या मंडळींनी तुका दिलो आसा. तो तेंच्याकडसून पाळून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" साहेब सर्वांत मोठ्याने म्हणाले.

साहेबांच्या लक्षात यायला क्षणभर लागला. "अहो, असा शब्द मी कधी दिला?"

पुढे बसलेली मनोरमा वेंगुर्लेकरीण शांतपणे म्हणाली, "आत्ताच दिलास मां, सायबानू! सगळ्यांनी आयकलो."

साहेब यादी उघडून नियम समजावू लागले. तेवढ्यात पायरीवर नारळ फुटला आणि सगळं पाणी यादीवर उडालं. शाई अशी पसरली की निवडलेलं कोण आणि न निवडलेलं कोण, काही कळेना. कोणी म्हणतात ती देवाची करणी. कोणी म्हणतात नारळ फोडणाऱ्याची, आणि तो आबांचा पुतण्याच होता. साहेबांनी ओली यादी बघितली, समोरचं गाव बघितलं आणि ते एकदम हसले. माणूस वाईट नव्हता. "चला रे, सगळेच आत चला," म्हणाले. अकराच्या अकरा पोरं आत गेली.

आबांनी खांद्यावरचा पंचा काढून पुतण्याच्या खांद्यावर टाकला आणि गर्दीत मागे जाऊन उभे राहिले.

लोक घरी आले. "आबानू, तुमी खय घरासाठी मागलास? सगळ्या पोरांसाठी मागलास!" कितीजणांनी पटवलं. आबा म्हणाले, "तोंडान सगळ्यांसाठी मागलंय. डोळ्यांसमोर एकच होती. देवाक ता दिसला असताला."

तो आवाज गावाने पुन्हा ऐकला नाही. आठ वर्षं जगले. गाऱ्हाण्याच्या वेळी मागच्या रांगेत उभे राहून सगळ्यांबरोबर 'व्हय म्हाराजा' एवढंच म्हणायचे. पुढच्या जूनमध्ये शाळेचं गाऱ्हाणं कोणी घालायचं, हे विचारायला लोक गेले तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं, की ज्याचा पोर ह्या शाळेत नाय, तेनाच घालूचा. गावात सगळेच एकमेकांचे भाऊबंद, असं घर कुठून सापडणार? म्हणून ते काम बाहेरून आलेल्या हेडमास्तरांकडे गेलं. त्यांची स्वतःची मुलं शिकायला कुडाळला असत.

आजही तोच नियम आहे. दर जूनला हेडमास्तर पायरीवर उभे राहतात, आबांचं ते चौथं मागणं मागतात, आणि संस्थेची माणसं गावाबरोबर 'व्हय म्हाराजा' म्हणतात. यंदा मात्र नव्याने आलेले हेडमास्तर पायरीवर नव्हते. गाऱ्हाणं घातलं मुक्कामाच्या एसटीच्या कंडक्टरने, तेही शिट्टी गळ्यात तशीच ठेवून. सर खाली गर्दीत उभे होते, याच शाळेत पहिलीत घातलेल्या आपल्या लेकीचा हात धरून.