अजून थोडं काळं

"आणि त्या डब्यात काय आहे?" हसनबावांनी विचारलं.

"रंग," मसूद म्हणाला.

"कुठला?"

"स्टेजवरचा, बावा. मेकअपचा. त्यात विशेष काही नाही."

"कुठला, विचारलं मी."

मसूदने डबा दर्ग्याच्या ओट्यावर ठेवला.

"काळा."

बावांच्या मांडीपाशी मोठा ढोल होता, त्याची दोरी ते आवळत राहिले.

ओट्याखाली व्हॅन उभी होती, इंजिन चालू. टपावर मोरपिसांच्या पेट्या चढल्या होत्या. आठ नाचणारे इस्त्रीचे शर्ट घालून चिंचेच्या सावलीत उभे होते, पण व्हॅनमध्ये एकही जण पाय ठेवत नव्हता. खाडीकाठच्या त्या सिद्दी वस्तीची रीतच तशी. धमालचा नाच गावाबाहेर न्यायचा, तर आधी बावांनी मोठ्या ढोलावर थाप मारायची. थाप पडली की निघायचं. नाही पडली की सामान उतरवायचं. कारण विचारायचं नाही.

मसूदला थाप हवी होती, आणि आत्ताच हवी होती. संध्याकाळी मुंबईत मोठा पुरस्कार सोहळा होता, घराघरांत दिसणारा. इतकी वर्षं तो कुठल्या ना कुठल्या हिरोच्या मागे, तिसऱ्या रांगेत नाचला होता. टीव्हीवरची स्पर्धा जिंकल्यावर पहिल्यांदाच मधली जागा त्याला मिळाली होती, आणि तीही एका शब्दावर. आपली माणसं घेऊन येतो, असं तो सांगून आला होता. खरी, गावची, आफ्रिकेच्या रक्ताची. माणसं आली नाहीत की मधली जागा गेली. सौदा सरळ होता.

"काळा रंग लावायचा कुणाला?" बावांनी विचारलं.

"यांना." मसूदने मान न वळवता सावलीकडे हात केला.

नाचणाऱ्यांतला थोरला मर्जान खो खो हसला. "आम्हाला? आमच्यात काय कमी पडलं रे?"

"डांबर संपलं वाटतं मुंबईतलं," मागून कुणीतरी म्हणालं.

"हसू नका," मसूद म्हणाला. "स्टेजवर लाइट फार असतो. डायरेक्टर म्हणाला, त्या लाइटात ही माणसं नुसती सावळी दिसतील. इथल्याच कुठल्या गावची वाटतील."

"आम्ही इथल्याच गावचे आहोत," मर्जान म्हणाला.

"अजून थोडं काळं हवं. एवढंच."

बावांनी दोरीची गाठ मारली.

"आणि तुला?"

"मला काय?"

"तुला किती काळं हवं?"

मसूदने डोळ्यांवरचा मोठा गॉगल सारखा केला. "माझा मेकअप वेगळा असतो."

तो वेगळा असतो हे वस्तीला ठाऊक होतं. टीव्हीवर दिसणारा मसूद आईने दिलेल्या रंगाहून बराच उजळ होता. पहिल्यांदा दिसला तेव्हा त्याची आई पडद्याजवळ जाऊन, पदराने काच पुसून आली होती.

"बावा, आपण तोंड रंगवतोच की," मसूद गोडीने म्हणाला. भाव पडतोय असं दिसलं की कसलेला विक्रेता आवाज खाली आणतो, तसा त्याने आणला. "धमालला गालावर ठिपके देतो. मोरपिसं तुम्ही स्वतःच्या हाताने बांधता. मग हा रंग तेवढा हराम?"

"ते कुणासाठी लावतो?"

"बाबांसाठी." त्याने दर्ग्याच्या जाळीआडच्या मजारीकडे बघितलं.

"आणि हा?"

"…लोकांसाठी."

"लोकांना काय बघायचंय?"

मसूदने गॉगल काढला. त्याच्या गळ्यात बोटाएवढी जाड सोनेरी साखळी होती. केसांच्या बारीक वेण्या डोक्याला घट्ट चिकटून मागे गेलेल्या. सूट पांढराशुभ्र. ही सगळी ऐट त्याने रात्रंदिवस अमेरिकेतल्या काळ्या गायकांचे व्हिडिओ बघून उचलली होती, आणि ती त्याला शोभत होती. यात खोट काढायला जागा नव्हती.

"तुम्हाला कळत नाही, बावा. तिकडे आपल्यासारखाच एक माणूस केस उगवतात तसे ठेवून स्टेजवर येतो, आणि सगळ्या मोहल्ल्याची मान वर होते. मी लहानपणी हे केस लपवायला टोपी घालून झोपायचो. आरशात कसं बघायचं हे मला त्याने शिकवलं. तो मला ओळखतही नाही, पण त्याने शिकवलं."

"चांगलं केलं त्याने," बावा म्हणाले. ते मनापासून म्हणाले होते.

"मग?"

"त्याच्या मागे नाचायला माणसं असतात?"

"असतात ना. पन्नास-पन्नास."

"त्यांना तो काय लावतो?"

ते व्हिडिओ मसूदला पाठ होते. मागची माणसं काय घालतात, कशी वळतात, सगळं पाठ होतं.

"काही नाही लावत," तो शेवटी म्हणाला. "ज्याचा रंग त्याचा."

खिशात फोन वाजला. त्याने बघून बंद केला.

"तिकडची गोष्ट वेगळी आहे," तो म्हणाला, आणि आता आवाजातली गोडी संपली होती. "इथे काय होतं? शाळेत मला माझ्या नावाने कुणी हाक मारली नाही. टीव्हीवर जो कुणी वेस्ट इंडीजचा खेळाडू बॅट घेऊन उतरेल, त्याचं नाव त्या दिवशी मला. तो शून्यावर गेला की मार पण मला. आज काय आहे? आपली पोरं तालुक्याला गेली की लोक हाक मारतात, ए मसूद, नाचून दाखव. माझ्या नावाने मारतात, बावा. हे मी केलं."

दर्ग्याच्या भिंतीवर वस्तीतली पोरं ओळीने बसली होती. सगळ्यांच्या डोक्याला वेण्या. गळ्यात कुणाच्या सायकलची साखळी, कुणाच्या प्लॅस्टिकची. आपला विषय निघाला तशी ती सावरून बसली.

"सगळ्यांना?" बावांनी विचारलं.

"सगळ्यांना."

"म्हणजे त्या हारूनलाही मसूद, आणि त्या जमीलाच्या पोरालाही मसूद."

"हो."

"मग त्यांचं नाव विचारायला अजून कुणी आलंच नाही."

सावलीतली माणसं पाय बदलून उभी राहिली.

बावांनी ढोल जरा बाजूला केला. "समुद्रावरच्या एका हॉटेलवाल्याने आम्हाला बोलावलं होतं," ते म्हणाले. "मी तुझ्या वयाचा. जेवण चांगलं, बिदागी चांगली. फक्त म्हणाला, पाहुण्यांसमोर मराठी बोलू नका, आफ्रिकेचं काहीतरी बोला. आम्हाला कुठलं येतंय? ह्या मर्जानच्या बापाने डोकं लढवलं. थाप पडली की तो ओरडायचा, सुरमई-बोंबील. आम्ही मागून, हलवा-पापलेट. शेवटी सगळे मिळून, बांगडा, बांगडा, बांगडा."

आठही जण हसायला लागले. मसूदलाही हसू आलं. ही गोष्ट त्याने लहानपणापासून ऐकली होती, पण इथपर्यंतच.

"पाहुण्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. एक बाई तर रडली." बावाही हसत होते. "सकाळी बाजारात गेलो. कोळीण म्हणाली, काय देऊ? आणि मला बांगडा म्हणता येईना. शब्द तोंडात होता… निघेना. बोट दाखवून घेतला."

हसणं थांबलं.

फोन परत वाजला. मसूदने तो वाजू दिला.

"लाव मला," बावा म्हणाले.

"काय?"

"रंग. मीही येतो. मागे उभा राहीन कुठेतरी."

"तुम्हाला कशाला, बावा…"

बावांनी डोक्याचा हिरवा रुमाल सोडला, डोळे मिटले आणि चेहरा वर करून बसले. न्हाव्यापुढे बसावं तसे, निवांत.

मसूदने झाकण उघडलं. रंगाला रॉकेलसारखा वास होता. त्याने बोट बुडवलं, बावांच्या गालाजवळ नेलं, आणि ते तिथेच थांबलं. मुळात ढोल धरायला त्याला ह्याच माणसाने शिकवलं होतं, मांडीवर बसवून. तेव्हा वर बघितलं की हाच चेहरा दिसायचा. इतक्या जवळून तो त्याने त्यानंतर बघितला नव्हता. बोटावरचा रंग आणि समोरचा गाल यांत त्याला फरक दिसेना.

"तुम्हाला नको, बावा."

"का?"

"गरज नाही."

"का नाही?"

"तुम्ही…"

"बोल. शब्द छोटा आहे."

मसूदला तो शब्द येत होता. शाळेत त्याने तो रोज ऐकला होता.

"तुम्ही असेच चालाल," तो म्हणाला.

बावांनी डोळे उघडले. "पास झालो म्हणजे."

कुणी हसलं नाही.

"आणि हे आठ नापास," बावा म्हणाले.

मर्जान व्हॅनकडे गेला. त्याने टपावरची एक पेटी उतरवून चिंचेखाली ठेवली, मग दुसरी. थाप पडणार की नाही याची वाट त्याने बघितली नाही, आणि बावांनी त्याला अडवलं नाही.

"अरे थांबा," मसूद ओरडला. "तुम्ही नाही आलात तर काय होईल माहितीये? ते कॉलेजची आठ पोरं उभी करतील. तयार ठेवलीत त्यांनी. त्यांना हाच रंग फासतील आणि सांगतील, हे सिद्दी. मग? मग आपली काय इज्जत राहिली?"

"फासू दे," बावा म्हणाले. "ती घरी जाऊन तोंड धुतील."

एकेक पेटी उतरत होती. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, आणि वस्ती एकदम शांत झाली.

मसूदने फोन उचलला. "निघालो, सर," तो म्हणाला. "रस्त्यातच आहोत." फोन खिशात टाकला. मधली जागा त्याच्या डोळ्यांसमोरून जात होती आणि ती त्याला दिसत होती.

मग त्याने चार बोटं डब्यात घातली आणि दोन्ही गालांवरून, कपाळावरून ओढली. पांढऱ्या सुटाच्या कॉलरवर डाग पडला. त्याची पर्वा न करता त्याने आणखी एक हात मारला.

"घ्या," तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "मीपण लावला. मी आणि हे सारखे. एकाच रंगात नाचू. तिथे जाऊन सांगतो त्यांना, मसूद असाच येणार. आता तरी हरकत नाही ना? मारा थाप, बावा."

हे तो खरं बोलत होता. डोळ्यांत पाणी होतं, तेही खरं होतं. मर्जानचा हात पेटीवर थांबला. सावलीतल्या एकाने मोबाइल वर धरला, आणि मसूदची मान सवयीने थोडी त्या बाजूला वळली, चांगली बाजू येईल अशी.

बावा त्याच्याकडे बघत नव्हते.

ते ओट्याच्या कडेला बघत होते, जिथे तो डबा उघडा राहिला होता. भिंतीवरची पोरं खाली उतरली होती. हारूनने चार बोटं डब्यात घातली आणि दोन्ही गालांवरून, कपाळावरून ओढली. अगदी तशीच. त्याने डबा पुढच्याकडे दिला. पुढच्याने तिसऱ्याकडे. रंग लावून झाला की प्रत्येक पोर मोबाइलकडे बघून मान थोडी वळवत होतं.

मसूदने मागे वळून बघितलं.

फोन वाजायला लागला.

बावा उठले. वजूसाठी, नमाजाआधी हातपाय धुवायला, भरून ठेवलेली पाण्याची बादली त्यांनी दोन्ही हातांनी उचलून आणली आणि मसूदच्या पायाशी ठेवली.

"आधी पोरांची तोंडं धू," ते म्हणाले. "तुझं राहू दे."