अशोकवनातली सीता

कुडाळजवळच्या एका वाडीत भिकाजी आजोबा चित्रकथी होते. एकेक चित्र लोकांसमोर धरायचं आणि त्यावरून रामायण गायचं, हे त्यांचं काम. पण नजर मंदावली, जुन्या चित्रांतल्या बारीक रेघा दिसेनात, तसे आजोबा गप्प झाले. मग नात सुगंधाने तीच चित्रं नव्या ढंगात काढली. मोठे आकार, भडक रंग आणि मोजक्या रेघा. यंदाच्या नवरात्रात आजोबा पुन्हा गाणार होते.

देवळाच्या समितीने चित्रं तपासायला वालावलकर नावाचे मोठे तज्ज्ञ बोलावले. अशोकवनाचं नवं चित्र पाहून त्यांनी नाक मुरडलं.

"ही सीता? हा तर नुसता पांढरा गोळा! देवळात जुनीच चित्रं दाखवा. त्यांत सीता बघताक्षणी ओळखू येते."

आजोबांचा चेहरा उतरला. सुगंधाने भीत भीत जुनं चित्र पुढे केलं. "साहेब, यातली सीता दाखवता?"

"त्यात काय!" साहेबांनी ऐटीत बोट ठेवलं.

आजोबांनी विचारलं, "खंय ठेवल्यानी गो बोट?"

"दागिन्यांनी मढलेल्या बाईवर, आजोबा."

"अरे देवा! ती मंदोदरी, सायबानू. सीतेन दागिने वाटेतच टाकल्यान न्हय?"

देवळात हशा पिकला. सुगंधा हळूच म्हणाली, "साहेब, सीता ओळखायला आजोबांचं गाणं लागतं. आणि गायला आजोबांना चित्र दिसावं लागतं."

साहेब ओशाळले. त्यांनी स्वतःच नवं चित्र उचलून आजोबांसमोर धरलं.

आजोबांनी डोळे बारीक केले. "दिसली गो, दिसली," म्हणत त्यांनी सूर लावला.