हणमंतचं प्रश्नचिन्ह

एका गावात एक भोळा हणमंत होता. तो वेबसाइट बनवायचा. तालुक्याला जाऊन तो तीन महिने पीएचपी ही वेबसाइटची भाषा शिकला होता. त्यातलं 'पीएचपी' हे नाव त्याला पाठ झालं होतं.

त्याची चुलतबहीण वैजू हे काम त्याच्यापेक्षा बरं जाणायची. पण तिच्याच लग्नाचं चाललं होतं, आणि तिचे वडील, आबा, म्हणाले, "मुलीनं स्वतःचं स्थळ स्वतः पाठवायचं? बरं दिसत नाही. हणमंत पाठवेल."

हणमंत पुरुष होता. एवढी पात्रता पुरली.

वैजूला दोन नकार आले होते. तिसरं स्थळ श्रीधरचं. तो कॉलेजात तिच्या पुढच्या वर्गात होता आणि तिला आवडायचा. आबांना हे सांगायची सोय नव्हती. हे स्थळ मोडू नये, एवढंच तिला हवं होतं. म्हणून आपली माहिती वेबसाइटच्या पानावरून कशी पाठवायची, ते तिने स्वयंपाकघराच्या दारातून हणमंतला शिकवायला घेतलं.

"दादा, पानाच्या पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह काढ. त्याच्यापुढे माहिती लिही. ती पलीकडच्या पानाला पोचते."

"सगळी?"

"सगळी."

हणमंतने सगळी लिहिली. ?नाव=वैजयंती&वजन=बासष्ट&आधीचे_नकार=दोन&रागावते=हो. मग तो लांबलचक पत्ता त्याने दोन्हीकडच्या पाहुण्यांच्या ग्रुपवर टाकला. पान उघडायची कुणाला गरजच पडली नाही.

श्रीधरच्या आत्याचा फोन आला. "मुलीच्या नावाआधी प्रश्नचिन्ह कशाला हो? काही शंका आहे का?"

वैजूने कपाळावर हात मारला. "दादा, पत्ता सगळ्यांना दिसतो! झाकायचं ते पत्त्यात न लिहिता 'पोस्ट' नावाच्या पद्धतीनं पाठवायचं. बंद पाकिटात घातल्यासारखं जातं."

"बरं," हणमंत म्हणाला, आणि त्याने वहीत लिहून घेतलं.

पुढे पाहुणे वैजूला बघायला यायचे ठरले. त्यांना घराचा ठिकाणा कळवायचा होता. घर म्हणजे घरातली गोष्ट, ती झाकलेलीच बरी, असं हणमंतला वाटलं. त्याने गल्ली आणि खूण पोस्टनं घातली आणि पाहुण्यांना नुसती लिंक दिली. पाकीट लिंकबरोबर जात नाही, म्हणून लिंक उघडली की पानावर यायचं, 'आमचं घर ____ च्या शेजारी आहे.'

पाहुण्यांना पाण्याची टाकी दिसली. कोऱ्या जागेत ती भरून ते टाकीशेजारच्या घरात शिरले. त्या घरात लग्नाचं कुणीच नव्हतं, पण पोहे छान होते. इकडे वैजू साडी नेसून तीन तास पाटावर बसली होती.

"दादा, काही आलं नाही तर जागा कोरी सोडू नये. तिथे एक ठरलेला शब्द बसवायचा."

"कुठला?"

"बहुतेक वेळा जो खरा असतो, तो."

"बरं."

दुसऱ्या भेटीआधी मुलीच्या माहितीचा एक फॉर्म भरायचा होता. त्यात 'व्यसन' असा रकाना होता. वैजूने तो कोरा सोडला. हणमंतने खिडकीतून गावावर एक नजर फिरवली आणि शब्द बसवला, 'तंबाखू'.

पाहुणे या वेळी बरोबर घरी आले. श्रीधरची आई म्हणाली, "खाते तर खाते बाई, पण थुंकते कुठे?"

श्रीधर इतका हसला की त्याला ठसका लागला. मग म्हणाला, "मला मुलगी पसंत आहे."

लग्न ठरलं. आबांनी हणमंतची पाठ थोपटली. "बघा! पुरुषानं लक्ष घातलं की कामं होतात."

आता पत्रिका पाठवायच्या होत्या.

"दादा, हे शेवटचं," वैजू हात जोडून म्हणाली. "सगळ्यांना एकच ठरलेला शब्द नको. ज्याला पाठवशील त्याचं नाव पत्त्यात घाल. पत्रिकेत जिथे नाव असेल, तिथे ते उचलून ठेव. कळलं?"

"जिथे नाव असेल तिथे."

"हो."

"तुझ्या नावाच्या जागी पण?"

"माझं नको रे! माझं राहू दे."

"बरं," हणमंत म्हणाला. वैजूचं नाव त्याने राहू दिलं.

लग्नाच्या दिवशी कार्यालयाच्या दारात पहिले आले निवृत्त तलाठी गुंडोपंत. वय त्र्याहत्तर, कपाळाला मुंडावळ्या. "या वयात जरा संकोच वाटतो," ते लाजत म्हणाले, "पण पत्रिकेत वर म्हणून माझंच नाव स्वच्छ लिहिलंय." त्यांच्यामागून सरपंच घोड्यावरून आले. मग शाळेतले दोन गुरुजी, एकाच घोड्यावर. मग फेटा बांधून यमुनाकाकू. तीनशे पत्रिका गेल्या होत्या, तीनशे नवरदेव आले.

भटजींनी विचारलं, "यातला वर कोण?"

तीनशे हात वर झाले.

वैजू पायांच्या बोटांवर उभी राहून श्रीधरला शोधत होती. तिला दिसले त्याचे वडील, बाशिंग बांधलेले.

"श्रीधर कुठे आहेत?"

"घरी, म्हशींपाशी. कुणीतरी मागे राहायला हवं ना. पत्रिका मला आली, त्याला आलीच नाही."

वैजू हणमंतकडे वळली. "दादा, श्रीधरना पत्रिका पाठवली नाहीस?"

हणमंतला तिची कीव आली.

"खुळी का तू वैजू? नवरदेवाला कुणी लग्नाचं आमंत्रण देतं होय?"